गावात पाहिलेलं कागदावर उतरवताना

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या आसपासच्या कुठल्याही गावात हिवाळ्यात महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर लागलं, की सात दिवस गाव गजबजून जातं. नाल्या साफ होतात, खड्डे खोदून रोपं लागतात, संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर बालविवाहावर पथनाट्य होतं. त्या नाटकात एक दारुडा बाप हमखास असतो. मग शिबिराचा अहवाल लिहिला जातो आणि त्यात ‘ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य येतंच.

मुलांनी त्या सात दिवसांत खरं जे पाहिलं, ते मात्र अहवालात नसतं. पथनाट्य बघायला पुढे बसलेल्या एका पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि ती नववीच्या वयाची दिसत होती, हे परतीच्या गाडीत दबक्या आवाजात बोललं जातं आणि तिथंच संपतं. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ही योजना सुरू झाली. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या खेड्यांत जाऊन आल्या. त्यांनी पाहिलेलं नीट लिहून ठेवलं असतं, तर आज मराठवाड्याच्या खेड्यांचं एक मोठं दफ्तर आपल्या हाती असतं.

म्हणून इथे सांगायचं आहे ते एवढंच, की गावात काम करताना दिसलेल्या प्रश्नाचं टिपण कसं तयार करायचं. त्यासाठी पत्रकार किंवा समाजशास्त्राचा पदवीधर असण्याची गरज नाही. आपण विद्यार्थी असाल, एखाद्या संस्थेत नव्याने लागलेले कार्यकर्ते असाल किंवा गावातच राहून काही करू पाहणारे असाल, तरी हे जमतं. उदाहरणासाठी बालविवाहाचाच प्रश्न घेऊ, कारण परभणी जिल्ह्यात तो सगळ्यात जास्त टोचणारा आहे. पाण्याचा, दारूचा किंवा रोजगार हमीचा प्रश्न असला तरी पायऱ्या याच राहतात.

असं लिहिण्याची परंपरा आपल्याकडे आहे. अनिल अवचट डॉक्टर होऊन बिहारच्या पूर्णिया भागात गेले आणि 1969 साली त्यांचं ‘पूर्णिया’ हे पहिलं पुस्तक आलं. तेव्हा त्यांनी जेमतेम पंचविशी गाठली होती. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतून 2006 साली तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू झाला. त्यातली मुलंमुली कामातले अनुभव ‘सीमोल्लंघन’ या वार्तापत्रातून लिहीत आली आहेत. तेव्हा आपण काही जगावेगळं करत नाही.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न लहान करणं. ‘बालविवाह: एक सामाजिक समस्या’ हा शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. त्यावर लिहायला गावात जावंच लागत नाही आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. त्याऐवजी असं विचारून बघा: या गावातल्या मुली सातवीनंतर कुठे जातात? या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं, मोजता येतं, आणि तो विचारला म्हणून गावात कोणी अंगावर येत नाही. बालविवाह त्या वाटेवर आपोआप भेटतो.

दुसरी पायरी वहीची. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि रोज रात्री झोपण्याआधी लिहा. उद्यावर टाकलेलं लिहिणं बहुधा होत नाही, आणि झालं तरी तोवर आठवणीत आपल्या मनाची भर पडलेली असते. पानावर तीन भाग करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं.

हे तीन भाग वेगळे ठेवणं हाच या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. ‘सकाळी अकरा वाजता शाळेच्या वयाच्या चार मुली कापूस वेचत होत्या’ हे पाहिलं. ‘मावशी म्हणाल्या, आठवीला वालूरला जावं लागतं, म्हणून पोरगी घरी ठेवली’ हे ऐकलं. ‘इथल्या लोकांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ हे वाटलं. नवखे लोक या तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतात आणि मग पहिली दोन त्याला पुरावा म्हणून जोडतात. वही नीट ठेवली, तर महिनाभराने आपलंच तिसरं वाक्य खोडावंसं वाटतं. खोडलेलं मात्र वाचता येईल असं राहू द्या, कारण आपलं मत कसं बदललं, हे टिपणात सांगण्यासारखं असतं.

तिसरी पायरी आकड्यांची. घोळ सर्वांत जास्त होतो तो इथे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नावाची देशभराची पाहणी दर काही वर्षांनी होते. निवडक घरांत जाऊन प्रश्न विचारले जातात आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज काढला जातो. पाचव्या फेरीत (2019-21) परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के स्त्रियांची लग्नं अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झाल्याचं आढळलं. महाराष्ट्राचं हेच प्रमाण 21.9 टक्के आणि देशाचं 23.3 टक्के होतं. म्हणजे आपला जिल्हा राज्याच्या दुपटीहून पुढे.

हा आकडा भाषणांत असा येतो: ‘परभणीत आज निम्म्या मुलींचे बालविवाह होतात.’ हे चूक आहे. महाराष्ट्रातली ती पाहणी 2019 च्या उत्तरार्धात झाली. तेव्हा जी स्त्री 24 वर्षांची होती, तिने अठरावं 2013 च्या सुमारास ओलांडलं. म्हणजे या आकड्यातली लग्नं पाहणीच्या बरीच आधीची आहेत. त्यात कोरोनाच्या काळात पाच-पंचवीस माणसांत गुपचूप उरकलेली लग्नं नाहीत, आणि त्यानंतर काही सुधारणा झाली असेल तर तीही नाही. आजची स्थिती याहून बरी आहे की वाईट, हे या आकड्यावरून सांगताच येत नाही.

दुसरी चूक याहून सोपी आणि याहून जास्त होणारी. जिल्ह्याचा आकडा उचलून गावाला चिकटवला जातो. 48 टक्के हा अंदाज पूर्ण जिल्ह्याचा आहे. तो सेलू तालुक्याचा नाही आणि आपण राहतो त्या गावाचा तर मुळीच नाही. गावाचा आकडा गावातच काढावा लागतो.

तो शाळेत मिळतो. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद, जन्मतारखेसह, आणि शाळा सोडल्यावर कधी व का सोडली याची नोंद. मुख्याध्यापकांना रीतसर विनंती अर्ज द्या आणि सांगा, की नावं नकोत, फक्त संख्या हव्यात. आकडे त्यांनीच काढावेत किंवा आपण त्यांच्या समोर बसून काढावेत. रजिस्टरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढू नका. अल्पवयीन मुलींची नावं आणि जन्मतारखा आपल्या फोनमध्ये फिरत राहणं हे धोक्याचंच आहे.

आता मोजायचं कसं? समजा, यंदा सातवीत 20 मुली आहेत आणि जवळच्या हायस्कुलात या गावच्या दहावीत 9. यावरून ‘11 मुली गळाल्या’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण या दोन वेगळ्या वर्षांच्या मुली आहेत. तीन वर्षांपूर्वी सातवीत मुळात 12च असतील. म्हणून एकच तुकडी धरा. तीन वर्षांपूर्वी सातवी झालेल्या मुलींची संख्या घ्या आणि त्या प्रत्येकीचं आज काय चाललं आहे हे शोधा. काही दहावीत असतील, काही मामाच्या गावी शिकत असतील, काहींचं कुटुंब पुण्याला गेलं असेल, काहींचं लग्न झालं असेल. आणि एक प्रकार नेहमी निसटतो: पटावर नाव आहे, पण मुलगी दिवाळीपासून वर्गात आलेली नाही. पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही विचारा.

वीस मुलींचा असा हिशेब मांडायला चार-सहा दिवस लागतात. जिल्ह्याच्या टक्केवारीपेक्षा तो गावाला जास्त हलवतो, कारण त्यावर कुणाला ‘ते तिकडचं असेल’ असं म्हणता येत नाही.

चौथी पायरी ऐकण्याची. इथे आधी एक गोष्ट सांगतो. ‘सर्च’च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दवाखाना उभारताना आदिवासींना विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोकांनी सांगितलं, त्या मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि नातेवाइकांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. मग संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतला हा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि त्याला लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं. ‘आदिवासी अंधश्रद्धाळू आहेत, म्हणून येत नाहीत’ असं गृहीत धरून लिहिलं असतं, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

आपल्याकडे गावात शिरलं की आधी भेटतात ते पारावर बसलेले पुरुष. त्यांच्याशी बोलाच, पण तिथं थांबू नका. मुलीच्या लग्नाचं खरं बोलणं बायका करतात, आणि त्या दुपारी शेतात नाहीतर संध्याकाळी चुलीपाशी असतात. वेचणीच्या दिवसांत तर घरी कोणी सापडतच नाही. मग शेतात जा, ओटीत थोडा कापूस वेचू लागा, आणि बोलणं त्यांना सुरू करू द्या. मुलींशी बोलायचं तर आपल्यासोबत एखादी मुलगी किंवा आशाताई असावी. एकट्या तरुणाने शाळकरी मुलींना प्रश्न विचारत फिरणं कुठल्याच गावाला रुचत नाही आणि ते रास्तच आहे.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून. ‘मुलीचं लग्न इतक्या लवकर का केलं?’ हा प्रश्न फौजदाराचा आहे. त्याला उत्तर म्हणून ‘नाही हो, अठरा पूर्ण होती’ एवढंच येतं. ‘काकू, तुमच्या वेळी सोयरीक कशी जमायची? आता काय बदललं?’ असं विचारलं, की गाडी आपसूक आजच्या पोरींवर येते.

कारणं मग वेगवेगळी निघतात. न्हाती-धुती झालेली पोरगी घरात ठेवायची म्हणजे जोखीम, हे बहुतेक ठिकाणी ऐकू येतं. शिकलेल्या पोरीला शिकलेला नवरा लागतो आणि त्याचा हुंडा जास्त, हा हिशेब तोंडी केला जातो. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागात ऊसतोडीचं कारण पुढे येतं. आई-बाप मुकादमाकडून उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) घेऊन पाच-सहा महिने कारखान्यावर जातात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय तोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पोराचं लग्न लवकर झालं, तर एक कोयता वाढतो.

पण हेच कारण सेलूच्या प्रत्येक गावाला लावू नका. ही मुळात कापसाची बाजारपेठ. निम्न दुधनाच्या पाण्यावरचं शिवार आणि कोरडवाहू गाव यांतही फरक पडेल. एका गावात ऊसतोड, दुसऱ्यात वेचणीला लागणारे हात, तिसऱ्यात नुसती आठवीची शाळा चार किलोमीटर लांब असणं, एवढंच कारण निघू शकतं. वर्तमानपत्रात वाचलेलं कारण डोक्यात घेऊन गेलात, तर तेच ऐकून याल.

एक जागा मात्र नीट ध्यानात ठेवा. आपल्याकडे बालविवाह पुष्कळदा साखरपुड्याच्या नावाखाली होतो. ‘फक्त कुंकू लावायचं आहे’ म्हणून पाहुणे जमतात आणि त्याच मांडवात अक्षता पडतात. ‘लग्न कधी झालं?’ असं विचारलं तर वेगळीच तारीख सांगितली जाते.

आता एक आडवळण, पण ते टाळता येणार नाही. टिपण चालू असतानाच कानावर आलं, की परवा अमक्याच्या घरी पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न आहे, तर काय करायचं? टिपण बाजूला ठेवायचं. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, तिथे फोन करा. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे. मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 हवं. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यांच्या पदाचं नाव अलीकडे ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. मुलीच्या घरी स्वतः जाऊन वाद घालू नका. त्याने लग्न थांबत नाही, ते फक्त एक दिवस आधी आणि दुसऱ्या गावी होतं.

झालेल्या लग्नाबाबत मात्र हात जपून. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे खरं. ज्या मुलीचं लग्न लहानपणी झालं, तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते न्यायालयातून रद्द करून घेता येतं, हेही खरं आणि ते फारच थोड्या मुलींना माहीत असतं. ही माहिती तिच्यापर्यंत पोचवा. पण ती मुलगी गरोदर असेल, तर दवाखान्यात गेल्यावर पोलिसांत नोंद होईल या भीतीने घरचे तिला लपवून ठेवतात आणि तपासणी राहून जाते. अशा वेळी आशाताईंना विश्वासात घेणं हे पहिलं काम. तिच्याबद्दल लिहिणं हे शेवटचं, किंवा नकोच.

पाचवी पायरी थोडक्यात. गावात या प्रश्नावर आधीच कोण काम करतं ते विचारा. ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आशाताई आणि ग्राम बाल संरक्षण समिती (सरपंचांच्या अध्यक्षतेखालची, गावातल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची समिती). तिच्या बैठकांचं इतिवृत्त पाहायला मागा. समिती कागदावरच आहे असं निघालं, तर तीही नोंद आहे, फक्त टोमणा न मारता लिहा. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. पण शाळेच्या वेळेला बस येते का, हे थांब्यावर उभं राहून बघा.

सहावी पायरी प्रत्यक्ष लिहिण्याची. दोन-तीन पानं पुरतात. आधी आपण काय विचारायला गेलो ते, मग काय मोजलं, मग लोक काय म्हणाले, आणि सरतेशेवटी आपल्याला काय वाटतं. ‘अज्ञान’, ‘मागासलेपण’, ‘जनजागृतीची गरज’ हे शब्द आले, की तिथं थांबून बघा. बहुधा तिथं आपल्याला काही सापडलेलं नसतं आणि जागा भरलेली असते. ‘मी’ किती यावा? वाचणाऱ्याला आपण कोण आणि कुठे उभे होतो हे कळण्यापुरता. आपण गावाला कसं जागं केलं, याची कथा झाली तर मुलगी त्यातून नाहीशी होते.

नावं देऊ नका. नुसतं नाव बदलूनही भागत नाही: ‘सरपंचांच्या गल्लीतली, दोन भावांची एकुलती बहीण’ एवढ्यावर अख्खं गाव तिला ओळखतं. गल्ली, जात, भावंडं, नवऱ्याचं गाव असे खुणेचे तपशील काढून टाका. फोटो तर पाठमोराही नको.

मागणी एकच ठेवा आणि ती गावाच्या हातातली असू द्या. ‘शासनाने कठोर पावलं उचलावीत’ याने कोणाचंच काही अडत नाही. ‘आठवीच्या शाळेच्या वेळेला बस मिळावी, म्हणून ग्रामपंचायतीने आगाराला ठराव पाठवावा’ ही मागणी झाली. ‘ज्यांचे आई-बाप तोडीला जातात, त्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह मागावं’ ही दुसरी. यातली कोणती, ते आपली वही सांगेल.

सातवी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तिच्यावाचून बाकी सगळं अर्धं आहे. टिपण बाहेर कुठेही देण्याआधी ज्यांनी माहिती दिली, त्यांना वाचून दाखवा. अंगणात बसून, सावकाश. ‘मी असं म्हणलेच नव्हते’ असं एखाद्या मावशी म्हणतील. ते दुरुस्त करा. ‘हे नको लिहू बाबा’ असं कोणी म्हणालं तर वाद न घालता काढा. आणि याच बैठकीत आधी न बोललेली एखादी आजी अचानक सगळ्यात कामाचं बोलून जाते.

मग ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. हा विषय आधी महिलांच्या सभेतच मांडला जावा. इथे एक अडचण लक्षात घ्या: ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावचे मतदार. आपण सेलूहून जाणारे असाल, तर तिथे बोलण्याचा हक्क आपला नाही. म्हणून गावातलीच एखादी बाई, बचत गटाची अध्यक्ष म्हणा किंवा बारावी झालेली सून, हे टिपण मांडायला तयार हवी. तशी कोणी मिळाली नाही, तर घाई न करता पुढच्या सभेपर्यंत थांबा.

ग्रामसभेत विषय यावा यासाठी अर्ज आणि टिपणाची प्रत सभेच्या आधीच ग्रामपंचायतीत द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेवा. पुढच्या वर्षी त्या गावी शिबिराला येणाऱ्या मुलांना सांगा, की आधी ती वाचा आणि मगच फावडं हातात घ्या.